पाव वॉटचा आवाज

स्पीकरच्या खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात छापलेला असतो तो वॉटचा आकडा. चाळीस वॉट, शंभर वॉट, हजार वॉट... आणि सगळ्यात बारीक अक्षरात, छापलाच तर, असतो सेन्सिटिव्हिटीचा आकडा. म्हणजे एक वॉट वीज दिली तर समोर एक मीटरवर किती डेसिबल आवाज मिळतो तो. मंडळी, या शनिवारचा निबंध या दुसऱ्या, बिचाऱ्या आकड्याबद्दल आहे. वॉट हा स्पीकर किती खाऊ शकतो त्याचा आकडा आहे, तो काय देतो त्याचा नाही. पंक्तीत कोण किती लाडू खातो यावरून तो शेतात किती काम करतो हे ठरवण्यासारखंच हे!

विषय डोक्यात शिरायचं कारण साधं. २०२० नंतर आमच्या कंपनीने घरून काम करायची मुभा दिली, आणि महिन्यातले दोन आठवडे मी आता नेवाशाच्या घरून काम करतो. माडीवरची दहा बाय बाराची खोली. टेबल अरुंद, त्यावर दोन मॉनिटर, म्हणजे स्पीकरला जागा भिंतीवरच. लाइट जाते, तेव्हा सगळं इन्व्हर्टरवर. शेजारच्या खोलीत आई-बाबा झोपतात आणि अमेरिकेतल्या टीमचे कॉल रात्री साडेनवाला सुरू होतात. दिवसभर हेडफोन लावून कान दुखतात हे वेगळं सांगायला नको. तर हवं काय? लहान, भिंतीवर टांगता येतील, कमी विजेत चालतील आणि हळू आवाजातही शब्द न् शब्द कळेल असे दोन स्पीकर.

दुकानदाराला विचारलं की तो वॉट सांगतो. म्हणून मी वाचायला बसलो, आणि वाचता वाचता पोचलो थेट १९५६ सालात, आपल्याच नगर जिल्ह्यात. (आता अहिल्यानगर. जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये बदललं. पण जुन्या गोष्टी सांगताना त्या वेळचंच नाव वापरतो.)

आधी थोडं गणित, घाबरू नका. स्पीकर हे फार आळशी यंत्र आहे. ज्या स्पीकरची सेन्सिटिव्हिटी ९२ डेसिबल, तो विजेतला साधारण १ टक्का आवाजात बदलतो. उरलेले ९९ टक्के कॉइल तापवण्यात जातात. ८५ डेसिबलवाला फक्त ०.२ टक्का. ८२ वाला ०.१ टक्का. म्हणजे ८२ आणि ९२ मध्ये दिसायला दहाचा फरक, पण एकाच आवाजासाठी पहिल्याला दुसऱ्याच्या दहापट वीज लागते. एवढं लक्षात ठेवलंत तर पुढचं सगळं सोपं आहे.

आता नेवाशाबद्दल बोलायचं आणि ज्ञानेश्वरी सोडायची म्हणजे फारच झालं. शके १२१२, म्हणजे इ.स. १२९०. ज्ञानेश्वर खांबाला टेकून बोलले, समोर श्रोते बसले, सच्चिदानंद बाबांनी लिहून घेतलं, ही परंपरा सगळ्यांना ठाऊक आहे. तो पैसाचा खांब आजही इथे आहे. माझ्यातला इंजिनियर मात्र तिथे गेला की वेगळाच विचार करतो. माणसाचा आवाज समोरच्या वीस-पंचवीस माणसांपर्यंत विनासायास पोचतो. नेहमीच्या बोलण्यात आपण एक मीटरवर साधारण साठ डेसिबल आवाज काढतो, आणि त्यासाठी लागणारी ध्वनिशक्ती वॉटच्या लाखाव्या भागाएवढी. एवढ्याशा शक्तीत नऊ हजार ओव्या सांगून होतात! कानासाठी वीज फार लागतच नाही. ती लागते ती आळशी यंत्रासाठी, आणि जेव्हा ऐकणारे वीसाचे वीस हजार होतात तेव्हा.

वीस हजारांचा प्रश्न आधी सुटला, गंमत म्हणजे. १९१५ मध्ये अमेरिकेत पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम यांनी टेलिफोनच्या तंत्राला कर्णा जोडून मॅग्नावॉक्स उभा केला, आणि १९१९ मध्ये सॅन दिएगोत अध्यक्ष विल्सन त्यावरून हजारो लोकांपुढे बोलले. आपल्याकडे याची गोष्ट सुरू होते ती सिंधमध्ये. सक्करला १९०९ मध्ये ग्यानचंद मोटवाने यांनी विजेच्या सामानाचं दुकान काढलं, पुढे कुटुंब मुंबईला आलं, आणि त्यांचा मुलगा नानिक याने काँग्रेसच्या सभांना लाउडस्पीकर पुरवायला सुरुवात केली. १९३१ च्या कराची अधिवेशनात गांधीजींचा आवाज त्यांच्या कर्ण्यांतून गेला. गांधी-नेहरूंच्या जुन्या फोटोत माइकवर 'शिकागो रेडिओ' अशी पाटी दिसते ना, ती हीच कंपनी. नावात शिकागो, मालक सिंधी, आणि कारखाना पुढे आपल्या शेजारी नाशिकरोडला. यापेक्षा भारतीय काय असणार!

कर्णा हा कार्यक्षमतेचा राजा. कागदी पडदा हवेला ढकलतो तेव्हा बहुतेक ताकद वाया जाते, कारण पडदा जड आणि हवा हलकी. कर्णा मध्ये बसून दोघांची सोयरीक जमवतो. गळ्याशी अरुंद, तोंडाशी रुंद. त्यामुळे पंचवीस-तीस वॉटच्या युनिटवर सप्ताहाचं कीर्तन गावाबाहेरच्या वस्तीपर्यंत ऐकू जातं (आणि पहाटे काकड्याला थेट आमच्या माडीवर, पण ते असो). फक्त कर्ण्याला खालचे सूर जमत नाहीत. मृदंगाची धूम त्यातून टकटक होऊन येते. खालचे सूर काढायचे तर कर्णा एवढा मोठा करावा लागतो की त्यात म्हैस बसेल.

घरातल्या आवाजासाठी वेगळी वाट निघाली. १९२५ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी कागदी शंकू, त्याला चिकटलेली कॉइल आणि भोवती चुंबक असा स्पीकर मांडला. आज तुमच्या फोनमध्ये, टीव्हीत, रिक्षात जो स्पीकर आहे तो मूळ कल्पनेत हाच. शंभर वर्षं झाली, आराखडा तोच. सॉफ्टवेअरमध्ये आपण तीन वर्षांत फ्रेमवर्क बदलतो!

त्या स्पीकरची एक अडचण होती. तेव्हाची कायम चुंबकं दुबळी होती, म्हणून चुंबकाच्या जागी तारेचं वेटोळं बसवून त्यात सतत वीज सोडावी लागे. आवाज निघो न निघो, चुंबक जागं ठेवायलाच काही वॉट खर्च. शहरात विजेचं बटण असेल तर ठीक. पण ज्या गावात वीजच नाही तिथे रेडिओ बॅटरीवर चालणार, आणि बॅटरीवर हा नवाबी थाट परवडणार कसा? १९३१ मध्ये जपानच्या तोकुशिची मिशिमाने लोखंड, निकेल आणि अॅल्युमिनियमची मिश्रधातू शोधली, त्यातून अल्निको चुंबकं आली, आणि वेटोळ्याची वीज वाचली. आमच्या खेड्यांत रेडिओ बोलू शकला तो या चुंबकाच्या जिवावर.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

आकाशवाणीचं पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झालं. तीन वर्षांनी, १९५६ मध्ये, युनेस्कोच्या मदतीने या केंद्रावरून एक प्रयोग झाला: रेडिओ रूरल फोरम. मुंबई राज्यातले पाच मराठी जिल्हे निवडले. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर. एकूण दीडशे गावं. प्रत्येक गावात साधारण वीस जणांचा श्रोतृगट, एक अध्यक्ष आणि एक चिटणीस. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी अर्ध्या तासाचा शेती आणि गावाच्या प्रश्नांवरचा कार्यक्रम. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करायचा आणि ऐकलेल्यावर चर्चा करायची. मग चिटणिसाने वृत्तांत आणि गटाचे प्रश्न लिहून पुण्याला पाठवायचे, आणि पुढच्या कार्यक्रमांत त्यातल्या प्रश्नांना उत्तरं मिळायची. थोडक्यात, आपण रोज करतो ती मीटिंग, मिनिट्ससकट. फरक एवढाच की त्यांच्या मीटिंगनंतर लोक खरंच काहीतरी करत असावेत :-)

प्रयोगाचं मोजमाप मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केलं. फोरम असलेली आणि नसलेली गावं घेऊन, कार्यक्रमांच्या आधी आणि नंतर प्रश्न विचारून. फोरमच्या गावांत लोकांची माहिती स्पष्ट वाढलेली दिसली, बाकीच्या गावांत फार थोडी. १९५९ मध्ये युनेस्कोने अहवाल पुस्तकरूपात काढला. लेखक आकाशवाणीचे महासंचालक जगदीशचंद्र माथुर (हे हिंदीतले मोठे नाटककारही) आणि पॉल न्यूराथ. त्याच वर्षी ही योजना देशभर नेली गेली.

या न्यूराथबद्दल दोन ओळी जास्त लिहितो, कारण मला हा माणूस फार आवडला. हा व्हिएन्नाचा. वडील ऑटो न्यूराथ, म्हणजे चित्रांच्या भाषेत आकडेवारी सांगणारी 'आयसोटाइप' पद्धत काढणारे. तुमच्या फोनवरच्या आयकॉनच्या कुळातले एक मूळपुरुषच म्हणा ना. मुलाला नाझींनी १९३८ मध्ये पकडलं. डाखाऊ आणि बुखेनवाल्ड या दोन्ही छळछावण्यांतून तो वाचला, अमेरिकेला गेला, समाजशास्त्रज्ञ झाला. ज्या राजवटीने स्वस्त रेडिओ घराघरात पोचवून एकाच माणसाचा आवाज सगळ्यांच्या कानात ओतला, तिच्या तावडीतून सुटलेला हा माणूस वीस वर्षांच्या आत आपल्या खेड्यांत येऊन मोजतो काय, तर रेडिओ ऐकल्यावर लोक आपापसात काय बोलतात आणि उलट काय विचारतात. हा योगायोग असेल, पण मला तो साधा वाटत नाही.

आता इंजिनियरचा प्रश्न. वीज नसलेल्या गावात वीस माणसांना एक रेडिओ कसा ऐकू जायचा?

बॅटरीवर चालणाऱ्या त्या काळच्या व्हॉल्व्हकडे बघा. नव्वद व्होल्टच्या कोरड्या बॅटरीवर चालणारा शेवटचा, म्हणजे स्पीकर हाकणारा व्हॉल्व्ह देऊन देऊन किती देणार? पाव वॉट. थ्रीएसफोर, थ्रीव्हीफोर या प्रसिद्ध व्हॉल्व्हच्या कागदावर ०.२७ वॉट असा आकडा आहे. आज कुठलाही ब्लूटूथचा डबा याच्या दहापट वॉट सांगतो.

पण हिशोब करा. लाकडी पेटी, पाठ उघडी, सहा-आठ इंची हलका कागदी शंकू, अल्निको चुंबक. असा स्पीकर सहज नव्वद डेसिबलच्या घरात जातो. नव्वद एका वॉटला. पाव वॉट म्हणजे सहा डेसिबल कमी, चौऱ्याऐंशी. दोन मीटरवर बसलेल्याला अठ्ठ्याहत्तर, वर खोलीच्या भिंती परतवतील तो आवाज वेगळा. नेहमीचं बोलणं त्या अंतरावर पंचावन्नच्या आसपास असतं. म्हणजे शब्दांमधले चढउतार जमेस धरूनही वीस माणसांना पाव वॉट पुरून उरतो! त्याच जागी आजचा ८२ डेसिबलचा नाजूक बुकशेल्फ ठेवा, आठ डेसिबल गेले. बॅटरी सहापट मोठी आणा, नाहीतर मागच्या रांगेतल्यांनी नुसतं तोंडाकडे बघत बसावं.

हा फरक चैनीचा नव्हता. मागच्या रांगेला बियाण्याचं नाव नीट ऐकू आलं नाही तर त्याबद्दलचा प्रश्न त्या रांगेतून येणार नाही, आणि सगळा प्रयोग उभा होता तो प्रश्नावर. आणि रांगेच्याही आधीचा मुद्दा: पेटी कुठल्या भिंतीशी ठेवलीय? देवळाच्या, चावडीच्या, शाळेच्या की पाटलाच्या ओसरीच्या? अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं, १९५५ चा तो. देवळाच्या भिंतीशी ठेवलेला रेडिओ आणि शाळेच्या भिंतीशी ठेवलेला रेडिओ हे एकच यंत्र असलं तरी त्यांचा श्रोता एक नव्हता. आणि दिवेलागणीची वेळ म्हणजे बायका चुलीपुढे. डेसिबलने तिथवर पोचता येत नाही. स्पीकर भिंतीवर लावताना आपण अजूनही नकळत हेच ठरवतो, की कुणाला ऐकू जावं आणि कुणाला जाऊ नये. माझ्या बाबतीत प्रश्न उलटा आहे एवढंच: पलीकडे झोपलेल्यांना ऐकू जाऊ नये.

मग हे कार्यक्षम स्पीकर गेले कुठे? दोन गोष्टी झाल्या. एक, ट्रान्झिस्टर आला आणि वॉट स्वस्त झाले. दुसरी, १९५८ च्या आसपास स्टीरिओ तबकड्या बाजारात आल्या. घरात एका ऐवजी दोन पेट्या लागू लागल्या, आणि कपाटाएवढ्या दोन पेट्या बैठकीच्या खोलीत ठेवायला कुठलीच गृहिणी तयार नसते. १९५४ मध्ये अमेरिकेत एडगर व्हिलचर आणि हेन्री क्लॉस यांनी हवाबंद पेटीतल्या हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग करून लहान पेटीतून खोल बास काढून दाखवला होता. कंपनीचं नाव अकूस्टिक रिसर्च. लोक थक्क झाले. किंमत मोजली ती कार्यक्षमतेने. शंकू जड करावा लागला आणि अॅम्प्लिफायर दणकट लागू लागला.

क्लॉसचा नंतरचा भागीदार अँटन हॉफमन याच्या नावाने एक नियम प्रसिद्ध आहे: लहान पेटी, खोल बास, चांगली कार्यक्षमता, तीनपैकी कोणत्याही दोन घ्या. (आपल्याकडे प्रोजेक्ट मॅनेजरला सांगतात ना, लवकर, स्वस्त, चांगलं यातली दोन निवड, तसंच.) हा नुसता टोमणा नाही, यामागे सूत्र आहे. कार्यक्षमता पेटीच्या आकारमानाच्या पटीत वाढते, आणि सगळ्यात खालच्या सुराच्या कंपनसंख्येच्या घनाच्या पटीत. घन! म्हणजे पेटी तीच ठेवून ८० हर्ट्झऐवजी ४० हर्ट्झपर्यंत उतरायचं म्हटलं तर कार्यक्षमता आठपट घटते, नऊ डेसिबल गेले. बासची एक पट्टी खाली उतरायची ही किंमत. बहुतेक लोक ती न विचारता देतात.

याचं सगळ्यात देखणं उदाहरण म्हणजे बीबीसीचा एलएस थ्री फाइव्ह ए, १९७० च्या दशकातला. बाहेरून प्रक्षेपण करणाऱ्या व्हॅनमध्ये मावावा म्हणून केलेला चिमुकला मॉनिटर. पेटी पाच-सहा लिटरची. माणसाचा आवाज त्यात इतका खरा येतो की आजही शौकीन त्याच्यासाठी भांडतात. सेन्सिटिव्हिटी? ८२-८३ डेसिबल. बीबीसीच्या व्हॅनला विजेची चिंता नव्हती. मला आहे. म्हणून लोकांनी कितीही स्तुती केली तरी तो माझ्यासाठी नाही, आणि हे लिहिताना थोडं वाईट वाटतंय.

मधल्या काळात चुंबकाचंही राजकारण झालं. अल्निकोत कोबाल्ट लागतं आणि ते मुख्यतः काँगोतून (तेव्हाचं झाईर) येई. १९७८ मध्ये तिथल्या शाबा प्रांतात लढाई पेटली, कोबाल्टचे भाव भडकले आणि स्पीकरवाले घाऊकपणे काळ्या, जड, स्वस्त फेराइटकडे वळले. १९८० च्या दशकात निओडायमियम आलं आणि चुंबक पुन्हा लहान झालं. भिंतीवरच्या चपट्या स्पीकरला हे वरदानच, कारण वजन कमी आणि खोली कमी.

आता भिंत. इथे इतिहासात दोन माणसं भेटतात ज्यांनी भिंतीला शत्रू न मानता कामाला लावलं. पहिला पॉल क्लिप्श. १९४० च्या दशकात त्याने कोपऱ्यात ठेवायचा स्पीकर केला, ज्यात खोलीच्या दोन भिंतीच कर्ण्याचा शेवटचा भाग बनतात. कर्णा म्हशीएवढा करायला नको, म्हैस घरातच बांधलेली आहे! सेन्सिटिव्हिटी शंभरच्या वर. दुसरा रॉय अॅलिसन. १९७४ मध्ये त्याने शांतपणे मोजून दाखवलं की तोच स्पीकर भिंतीपासून वेगवेगळ्या अंतरावर ठेवला तर खालच्या सुरांत किती वेगळा वाजतो.

कारण सोपं आहे. खालचे सूर स्पीकरमधून चहूकडे पसरतात, मागेही. मागे गेलेला आवाज भिंतीवर आपटून परत येतो. स्पीकर भिंतीपासून ४० सेंटिमीटर पुढे असेल तर परतलेली लाट २१५ हर्ट्झच्या आसपास मूळ लाटेच्या नेमकी उलट पडते आणि दोघी एकमेकींना खातात. २१५ हर्ट्झ म्हणजे बाईच्या बोलण्याचा ऐन पाया. तोच स्पीकर भिंतीला चिकटवा. परतीचं अंतर जवळजवळ उरत नाही, खड्डा वरच्या सुरांकडे सरकतो जिथे आवाज मागे जातच नाही, आणि खालच्या सुरांत कमाल सहा डेसिबलची वाढ फुकट मिळते. सहा डेसिबल म्हणजे चौपट वॉट. बिल न वाढवता, भिंतीकडून.

अट अशी की स्पीकर भिंतीसाठीच बनवलेला हवा. स्टँडवर ठेवायच्या स्पीकरमध्ये खालचे सूर आधीच चढवून दिलेले असतात (मागे निसटणाऱ्या आवाजाची भरपाई म्हणून, आणि ही भरपाई कार्यक्षमतेतूनच कापून घेतात). तो भिंतीला लावला की सूर दुप्पट चढतात आणि सगळे सहकारी हंड्यात तोंड घालून बोलतायत असं वाटतं. पाठीमागे भोक असलेला तर भिंतीवर नकोच.

तर माझा हिशोब. मी भिंतीपासून सव्वा मीटरवर बसतो. बोलणं कानाशी ६२ डेसिबल पुरे. ८८ डेसिबलच्या स्पीकरला त्यासाठी लागतात सरासरी चार मिलिवॉट. हो, मिलिवॉट. शब्दांचे उंचवटे पंधरा डेसिबल वर जातील असं धरलं तरी एक दशांश वॉट. म्हणजे फोरमच्या पेटीपेक्षाही कमी! यूएसबीच्या पाच व्होल्टवर चालणारा बोटभर क्लास-डी अॅम्प चार ओमला अडीच-तीन वॉट देतो, तो कॉलसाठी भरपूर आणि संध्याकाळी भीमसेन ऐकायलाही पुरतो. खरी वीज खातो तो स्पीकर नाहीच. जुन्या पद्धतीचा मोठा अॅम्प्लिफायर नुसता चालू ठेवला तरी दहा-वीस वॉट जाळत बसतो, त्या वेटोळ्याच्या चुंबकासारखा. चांगल्या सेन्सिटिव्हिटीचा फायदा हा की तो अॅम्प्लिफायर घरात आणावाच लागत नाही. इन्व्हर्टरला पत्ताही लागत नाही.

बासवर मी पाणी सोडलं, आणि आनंदाने. पुरुषाच्या आवाजाचा पाया शंभर हर्ट्झच्या आसपास, त्यामुळे ९० च्या खाली काही नसलं तरी कॉलचं काही बिघडत नाही. हॉफमनच्या तीनपैकी लहान पेटी आणि कार्यक्षमता ही दोन घेतली. शिवाय भिंत ओलांडून पलीकडे जातो तो खालचाच सूर. कंपनसंख्या निम्मी झाली की भिंतीची अडवणूक साधारण सहा डेसिबलने घटते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत वस्तीसाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. बाबांची मर्यादा त्याहून कडक आहे. (इथून जवळ शनिशिंगणापूरला घरांना दारंच नाहीत. तिथे वर्क फ्रॉम होम करणारे रात्रीचे कॉल कसे घेतात, कुणाला माहीत असेल तर कळवा.)

राहिली भिंत. आमचं घर जुनं, धाब्याचं, भिंती हातभर जाड, पांढऱ्या मातीच्या. अशा भिंतीत ड्रिल मारलं की प्लग धरत नाही, माती भुरभुर गळते. गावातल्या सुताराने उपाय सांगितला: भिंतीतल्या जुन्या दोन खुंट्यांना सागाची आडवी फळी आवळायची आणि स्पीकर फळीवर. मध्ये रबराचे वॉशर, म्हणजे थरथर भिंतीत उतरत नाही. भिंत निवडली ती रस्त्याकडची, आई-बाबांच्या खोलीला न लागणारी. चार इंची, हवाबंद पेटी, ८८ डेसिबल, बसल्यावर कानाच्या किंचित वर, तोंड खुर्चीकडे.

एक जागा मात्र अजून खुणावते आहे. त्याच भिंतीत दोन कोनाडे आहेत, पणतीचे. कोनाड्यात स्पीकर असा बसवला की त्याचं तोंड भिंतीच्या पृष्ठभागाशी सपाट येईल आणि भोवतीची पोकळी जुन्या गोधडीने गच्च भरली, तर मागे जाणारा आवाज उरतच नाही. अख्खी भिंतच स्पीकरचा फळा होते. मोठ्या स्टुडिओत मॉनिटर भिंतीत चिणतात ते याचसाठी. माझ्या कोनाड्याची खोली नऊ इंच, रुंदी साडेसात. स्पीकर सात इंच रुंद आहे. आई म्हणते पणती कुठे ठेवायची ते आधी सांग.